मुनाविल म्हणजे हमाल नव्हे

बुधवार, १ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून असावी, नाहीतर पुढे तारखांचा घोळ होतो.

काम: 'मुनाविल' या शब्दाचा अर्थ आणि उगम, यावर निबंध. लेखक: शुक्री अब्दुल-मलिक, मुनाविल, पाशा लायब्ररी, अत्तारीन, अलेक्झांड्रिया. चाळीस पानं तरी होतील. वाचक चिठ्ठी लिहितो, अमीन म्हणजे ग्रंथपाल तिच्यावर सही करतो, आणि तीन मजल्यांच्या कपाटांतून नेमकं ते पुस्तक काढून वाचकाच्या हातात देतो तो मुनाविल. हे काम मी एकतीस वर्षं करतो आहे आणि या शब्दावर आजवर कोणीही धड लिहिलेलं नाही. किंवा लिहिलं असेल तर आमच्याकडे नाही.

निमित्त काय झालं तेही लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपला. गेल्या गुरुवारी आमच्या घरी वरच्या मजल्यावरची शेजारी मंडळी चहाला आली होती. बरोबर त्यांचे नवे व्याही. व्याह्यांनी विचारलं, शुक्रीसाहेब लायब्ररीत काय असतात. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात इन्साफने, म्हणजे माझ्या बायकोने, ट्रे ठेवता ठेवता सांगून टाकलं, "पुस्तकं वाहतात. खालून वर, वरून खाली. गुडघे गेले बिचाऱ्यांचे."

व्याही हसले. मग मीही एक साधी वस्तुस्थिती सांगितली, की जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिने पुस्तकांच्या गोष्टी करू नयेत. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. बिस्किटं तशीच राहिली आणि मंडळी लवकर उठली.

शुक्रवारी सकाळी ती बॅग भरून माहेरी, रशीद गावी, भावाकडे गेली. हवापालट होईल तिला. मलाही लिहायला शांतता हवीच होती.

संकल्प: रोज दोन पानं. सिगारेट बंद. बस्बूसा, म्हणजे पाकातली रव्याची मिठाई, बंद, साखर वाढली आहे.

गुरुवार, २ नोव्हेंबर

इन्साफच्या थोरल्या भावाचा, हाज्ज बसयूनीचा, लायब्ररीत फोन. तो रशीदला नदीकाठी होड्या बांधतो आणि फोनवरही करवतीच्या वर आवाज काढायचा असल्यासारखं बोलतो. म्हणाला, शुक्रवारी ये, दोन मोठी माणसं मी बोलावून ठेवतो, दोन तू आण.

आमच्याकडची रीत आहे ही. रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्याने स्वतः जायचं, वडीलधारी बरोबर न्यायची, सगळ्यांदेखत म्हणायचं, "तुझा हक्क माझ्या डोक्यावर," म्हणजे चूक माझी, मग तिच्या डोक्याचं चुंबन घ्यायचं, पोटभर जेवायचं आणि तिला घेऊन परत यायचं. अपमान चार माणसांत झाला असेल तर माफीही चार माणसांतच.

मी बसयूनीला समजावलं की इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी निबंध. 'वाहणं' हा शब्दच चुकीचा होता हे निबंधातून सिद्ध होईल. एकदा ते सिद्ध झालं की अपमान आधी कोणाचा झाला हे आपोआप ठरेल आणि मग ते डोक्यावरचं वाक्य म्हणायची गरजच उरणार नाही. बसयूनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मासळी-भात करणार आहोत. ये."

माणूस साधा आहे. मुद्दा डोक्यात शिरायला त्याला वेळ लागतो.

रविवार, ५ नोव्हेंबर

आज मोठा दिवस. मोठा कोश काढला, पाच खंडांतला. स्वतःच चिठ्ठी लिहिली, स्वतःच वर जाऊन आणला आणि स्वतःच्याच हातात दिला. उस्ताज वगदी, आमचे अमीन, चष्म्यावरून बघत होते.

सापडलं ते असं. मूळ अर्थ हाताने देणं, हातात पोचवणं. त्याच घराण्यातला 'नवाल', म्हणजे देणगी, कृपा. आणि तिसरं तर सोनं आहे: जुन्या काळी हदीस शिकवणारा शेख आपली वही शिष्याच्या हातात ठेवून म्हणायचा, हे माझं आहे, आता तू पुढे सांग. त्या देण्याला नाव 'मुनावला'. म्हणजे मी कोण? शेखांच्या रांगेतला.

उलट 'अमीन' म्हणजे काय, तर ज्याच्यापाशी अमानत ठेवली आहे असा. सांभाळून तर पेटीसुद्धा ठेवते. देणं महत्त्वाचं.

हे मी उस्ताज वगदींना अगदी नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, शेख स्वतःची वही देत होता, तू दुसऱ्याची देतोस, जा, वाचक थांबलेत. मत्सर किती सूक्ष्म असतो ते आज कळलं.

लेखन: अर्धं पान. पण सामग्री प्रचंड.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

रशीदला गेलो नाही. बरोबर न्यायला अजून माणसं ठरलेली नाहीत. एकट्याने जाणं म्हणजे हात वर करून जाणं.

मीठ सापडत नाही. तीन दिवस झाले. लायब्ररीत मला कुठलंही पुस्तक सांगा, डोळे मिटून काढून देईन. इथे तिने काही पद्धतच ठेवलेली नाही. डब्यांवर नावं नाहीत. (तिला लिहिता येत नाही, हे खरं. पण खुणा करता आल्या असत्या.)

जेवण: ब्रेड, चीज, चहा.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

'केरसुणी' आली. अलेक्झांड्रियाच्या वादळांना नावं असतात आणि ती बहुतेक ठरल्या तारखांना येतात. नोव्हेंबरातलं पहिलं म्हणजे केरसुणी, कारण ती समुद्रकाठ झाडून काढते. ट्राम बंद. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, पाणी. उद्याचं रशीद अर्थातच रद्द. बसयूनीला तसा फोन केला. तो म्हणाला रशीदला ऊन आहे. असेल.

एक बोलून गेला ते नोंदवून ठेवतो. इन्साफला बरं वाटत नाही, प्रेशर आहे, जिना चढताना थांबते म्हणे. जुनी युक्ती आहे ही. माझ्या बहिणीनेही रुसली तेव्हा डोकेदुखी काढली होती.

सिगारेट: दोन. वादळात मोजत नाही.

सोमवार, २० नोव्हेंबर

शिष्टमंडळ ठरलं. (१) डॉक्टर लुत्फी. युनिव्हर्सिटीतले निवृत्त प्रोफेसर. वीस वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, वीस वर्षं मीच त्यांना पुस्तकं देतो. आमचं नातं गुरु-शिष्याचंच म्हणायला हवं. (२) उस्ताज वगदी. मतभेद असले तरी दर्जा आहे. (३) डायरेक्टर बाई, जमल्यास.

अशी तीन माणसं बसयूनीच्या अंगणात उतरली की बघू कोण कोणाला माफी मागायला लावतं.

डॉक्टर लुत्फींना विचारलं. ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, हो हो, बघू, आणि मला मुस्तफा म्हणाले. थोर माणसांची नावांशी गाठ नसते, कामाशी असते.

उस्ताज वगदींना विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "अम्म शुक्री, बायकोला आणायला लुत्फीसाहेब कशाला हवेत? एका वाक्याचं काम आहे. जा आणि म्हणून ये."

सगळे मला प्रेमाने अम्म म्हणतात. अम्म म्हणजे काका. दरवानालाही अम्मच म्हणतात, पण त्याचं कारण वेगळं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आज इन्साफचा फोन. लायब्ररीच्या टेबलावर सगळ्यांसमोर घ्यावा लागला. तिने विचारलं, गुडघ्यांना तेल लावता का. म्हटलं, लावतो. (बाटली सापडलेली नाही.) म्हणाली, थंडीचं बनियन पलंगाखालच्या पेटीत आहे. मी तिला निबंधाचं सांगितलं. 'नवाल' म्हणजे देणगी, 'मुनावला' म्हणजे काय, शेख कसा वही देई, सगळं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "ते शब्दाचं राहू द्या हो. तुम्ही या."

आवाज थकलेला वाटला. लाईन खराब असावी.

माझा निष्कर्ष: ती विरघळते आहे. आणखी दोन-तीन आठवडे धीर धरला तर स्वतःच येईल. मग रशीदची खेप वाचेल आणि दोघांचाही मान राहील.

खरं लिहायचं तर फोन ठेवल्यावर मला वरच्या मजल्यावर जाऊन थोडा वेळ कपाटांमध्ये उभं राहावं लागलं. धुळीने डोळ्यांत पाणी येतं.

शुक्रवार, १ डिसेंबर

गेलो नाही. लेखन अडतं.

बनियन मिळालं. घड्यांमध्ये तिने संत्र्याच्या वाळलेल्या साली ठेवल्या आहेत, कसर लागू नये म्हणून. वास येत राहतो.

लेखन: एक परिच्छेद. खोडला.

सोमवार, ४ डिसेंबर

'कासिम' वादळ. तारखेला हजर. सरकारी खात्यांनी यांच्याकडून शिकावं.

वरच्या मजल्याच्या छतातून पाणी गळलं. मी एकट्याने चार कपाटं रिकामी केली. दिवसभर पुस्तकं पाठीवर घेऊन खाली आणली. हे वाहणं नव्हे. हे बचावकार्य. निबंधात तळटीप द्यावी लागेल.

गुडघे वाईट. तेल नाहीच.

शनिवार, ९ डिसेंबर

काल शुक्रवार होता हे संध्याकाळी लक्षात आलं. बसयूनीचा आज फोन. ओरडला नाही, हे विशेष. म्हणाला, आम्ही दर शुक्रवारी ताट वाढून बसतो. दोन म्हातारे शेजारी बोलावलेले असतात, ते येतात, जेवतात आणि जातात. इन्साफ निळा झगा घालून बसते. "आता त्या म्हाताऱ्यांनाही लाज वाटायला लागली आहे शुक्री. ते विचारतात, तो माणूस आहे तरी का?"

मी म्हटलं, अठ्ठावीस तारखेला लायब्ररीत ती स्थापणाऱ्या पाशांचा स्मृतिदिन आहे, त्यात मी निबंध वाचणार आहे, डायरेक्टर बाईंनी पाच मिनिटं दिली आहेत, त्यानंतर लगेच पाच जानेवारीच्या शुक्रवारी शिष्टमंडळासह येतो. पक्कं. निळा झगा कुठला ते मला आठवेना. त्याला विचारणं बरं दिसलं नसतं.

तो म्हणाला, "तुझी बायको आजारी आहे आणि तू तारखा देतोस. दंतवैद्य आहेस का?"

विनोदबुद्धी आहे त्याला. खालच्या दर्जाची, पण आहे.

मंगळवार, १९ डिसेंबर

निबंध पुरा. चाळीस नव्हे, सहा पानं. पण घट्ट.

शेवटचं वाक्य असं आहे: 'म्हणून मुनाविल हा वाहणारा नव्हे, तर देणारा, आणि देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो.' वाचून अंगावर काटा आला. घरात कोणालातरी वाचून दाखवावंसं वाटलं. आम्हाला मूल नाही. शेवटी गच्चीवर वरच्या मजल्याचे गृहस्थ कबुतरांना दाणे टाकत होते, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, इन्साफताई कधी येणार. म्हणाले, ती नाही तर जिन्यात पावाचा वास येत नाही.

विषयांतर करणारे लोक फार.

गुरुवार, २८ डिसेंबर

समारंभ पार पडला. यश. वृत्तांत जसाच्या तसा:

माझा क्रम शेवटचा होता, म्हणजे मानाचा. डायरेक्टर बाईंनी माइकवर सांगितलं, आता आपले अम्म शुक्री दोन शब्द बोलतील, पण अम्म शुक्री, आधी चहा आला का ते बघून या. बघून आलो. तोवर मंडळी सँडविचकडे वळली होती. माइक गुंडाळून ठेवला होता, तरी माझा आवाज मुळात खणखणीत आहे. जे थांबले त्यांनी एकाग्रतेने ऐकलं: दरवान आणि डॉक्टर लुत्फी. डॉक्टर डोळे मिटून ऐकतात, सवय आहे त्यांची. मधल्या एका पानावर त्यांची मान छातीवर आली, पण शेवटच्या वाक्याला जागे झाले आणि म्हणाले, "शाबास मुस्तफा. आता ते दुसऱ्या खंडाचं बघ."

उस्ताज वगदी दाराशी उभे होते. ते थांबले होते हे मला नंतर कळलं. जवळ आले आणि म्हणाले, चांगलं लिहिलं आहेस, खरंच. मग म्हणाले, "देणाऱ्याचा हात वर असतो म्हणतोस. माफी मागायला तो खाली आणावा लागतो, शुक्री. लवकर आण."

अम्म नाही म्हणाले, नुसतं शुक्री म्हणाले. बरोबरीने वागवायला लागले, असा मी अर्थ काढला. दुसरा अर्थही असू शकतो, पण आज सणाचा दिवस आहे.

शुक्रवार, ५ जानेवारी

सकाळी आठला रशीदच्या मायक्रोबसच्या थांब्यावर. हजामत, कोट, स्वच्छ शर्ट (कॉलर सोडून). हातात एक किलो बस्बूसा, गुलाबी दोरीने बांधलेला.

उस्ताज वगदींचा निरोप आला. बायकोला दवाखान्यात न्यायचं आहे, जमणार नाही, तू एकटाच जा आणि आजच जा. डॉक्टर लुत्फींची नऊपर्यंत वाट बघितली. मग दहापर्यंत. गेल्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा सांगितलं होतं तेव्हा ते हो म्हणाले होते. आता वाटतं, ते पुस्तकातल्या कोणाला तरी म्हणाले असतील.

प्रत्येक गाडीचा ड्रायव्हर ओरडत होता, रशीद, रशीद, एक जागा, एकच जागा. सहा गाड्या गेल्या. प्रत्येक वेळी मी एक पाय उचलला. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर आलं की अंगणात बसयूनी, ते दोन म्हातारे, सगळे बसले आहेत, आणि मी एकटा उतरतो आहे, हातात मिठाई घेऊन, एखाद्या डिलिव्हरीवाल्यासारखा. आणि तिने ते बघायचं.

परत आलो. जे केलं त्यात तत्त्व होतं. पुढच्या शुक्रवारी नक्की.

बस्बूसा संपला. एकट्याने.

शुक्रवार, १२ जानेवारी

'मोठी फैदा'. जानेवारीतलं सर्वांत मोठं वादळ, हे पंचांगात आहे, माझ्या मनाचं नाही. खिडकीची काच फुटली. रस्ते बंद. वाचकाने रागावू नये.

(इथे वाचक कोण? मी फार दिवस एकटा आहे.)

दुपारी फार वाईट वाटलं. कारण काही नाही. तिची चप्पल दाराशी आहे, घरातली, निळ्या पट्ट्यांची. ती उचलून आत ठेवली. मग पुन्हा बाहेर ठेवली.

संकल्प: वादळ ओसरलं की जायचं. माणसं असोत वा नसोत. ते वाक्य मनात म्हणून बघितलं. नीट म्हणता येतं. अवघड नाही.

रविवार, १४ जानेवारी

सकाळी फोन. बसयूनी नव्हता, त्याची बायको तहिया होती. ती फोन करत नाही कधी. म्हणाली, इन्साफ शुक्रवारी पडली, सरकारी दवाखान्यात आहे, दोन दिवस तारा तुटल्या होत्या म्हणून कळवता आलं नाही. "उजवी बाजू गेली आहे. वाचा गेली आहे. तुम्ही निघा."

कोट घातला. उस्ताज वगदींनी रजेचा अर्ज मागितला नाही. जिन्यापर्यंत आले, माझी मफलर माझ्या हातात दिली.

पहिली गाडी आली तिच्यात बसलो. एवढंच होतं ते. गाडी येते आणि माणूस बसतो.

सोमवार, १५ जानेवारी. रशीद

बसयूनीच्या अंगणात अर्धवट होडीशेजारी बसून लिहितो आहे. तो माझ्याशी बोलत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तहियाने सगळं सांगितलं. शुक्रवारी इथेही वारा होता, पत्रे उडत होते. तहिया तिला म्हणाली, आज कोण येणार आहे अशा हवेत, पडून राहा. इन्साफ म्हणाली, ठाऊक आहे मला. तरी उठली, केस विंचरले, झगा घातला. दुसऱ्या हाताची बाही घालता घालता पडली.

हे तहियाने मला टोचायला सांगितलं नाही. लसूण सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं, दर शुक्रवारी अशीच बसायची का. तहिया म्हणाली, "अशीच. म्हणायची, ते येतील हो, त्यांना आधी शब्द शोधायला लागतात."

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या, तरुण, घाईत. तुम्ही नवरा का, म्हणाल्या, बरं झालं आलात, मला माहिती हवी आहे. प्रेशर कधीपासून? मी म्हटलं, अलीकडेच असावं. कुठली गोळी घेत होत्या? म्हटलं, बघून सांगावं लागेल. कुठलं औषध सोसत नाही? आधी कधी चक्कर, हाताला मुंग्या? झोप कशी होती?

लायब्ररीत मला कोणी असे प्रश्न विचारावेत. कुठला मजला, कुठलं कपाट, डावीकडून कितवं.

तहिया मागे उभी होती. तिने सांगितलं, प्रेशर चार वर्षांपासून, सकाळची पांढरी गोळी, पेनिसिलिन चालत नाही, उजव्या हाताला मुंग्या गेल्या उन्हाळ्यापासून. डॉक्टरीण बाई तिच्याकडे वळून लिहू लागल्या. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

चार वर्षं. एकाच घरात. मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडलो. धूळ नव्हती.

मंगळवार, १६ जानेवारी. रशीद

आज दुपारी भेटीच्या वेळेला सगळे होते. बसयूनी, तहिया आणि ते दोन म्हातारे शेजारी. एक हातात संत्री घेऊन, दुसरा काठी टेकत. इतके शुक्रवार माझी वाट बघणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. साधी आहेत. त्यांना लुत्फीसाहेब दाखवून मी काय करणार होतो, कळत नाही.

शेजारच्या पलंगांवरच्या बायका आणि त्यांची माणसंही बघत होती. म्हणजे चार नाही, चांगली वीसेक माणसं.

मी म्हणालो, "इन्साफ, तुझा हक्क माझ्या डोक्यावर."

बसयूनी तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, इकडच्या बाजूने बोल, आणि जरा मोठ्याने. मी डाव्या बाजूला गेलो. पुन्हा म्हणालो. मग आणखी एकदा. पुढचं काही ठरवलेलं नव्हतं, तरी बोलत राहिलो. की मी मूर्ख आहे. की घरात मीठ सापडत नाही. की वाहतो तेच खरं आहे, पुस्तकंच वाहतो मी, जिन्याने, खालून वर. वाकून डोक्याचं चुंबन घेतलं. केसांना दवाखान्याच्या साबणाचा वास होता.

काठीवाले म्हातारबाबा सवयीने म्हणाले, "चला, मिटलं, अल्लाह भलं करो." मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं आणि ते संत्र्यांकडे बघत बसले.

इन्साफने मान खिडकीकडे वळवली. तहिया म्हणाली, उजेड तिकडे आहे म्हणून. मी पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. ओळखलं, याबद्दल मला शंका नाही. आणि मग डोळे मिटून घेतले.

इंजेक्शनने गुंगी येते, असं डॉक्टरीण बाई सकाळीच म्हणाल्या होत्या.